डिस्क दिसत नाही, पण कोणाला?

सुटे भाग आणून घरी जोडलेला कॉम्प्युटर चालू होतो, पंखे फिरतात, पडद्यावर मदरबोर्डच्या कंपनीचं चिन्ह उमटतं आणि पाठोपाठ तक्रार येते : हार्ड डिस्क दिसत नाही. कधी नव्या कोऱ्या जोडणीत हे होतं, कधी जुन्या कॉम्प्युटरमध्ये जादा डिस्क टाकल्यावर, तर कधी चार वर्षं बिनबोभाट चाललेली डिस्क एका सकाळी गायब झालेली असते. तक्रारीचे शब्द तेच आणि ऐकू येणारे सल्लेही तेच. विंडोज पुन्हा टाका, डिस्क फॉरमॅट मारा, नाहीतर सरळ नवी घ्या. यातला कुठलाही सल्ला अमलात आणण्याआधी एक उलटा प्रश्न विचारायला हवा. दिसत नाही, ते नक्की कोणाला?

कॉम्प्युटरमध्ये डिस्ककडे बघणारे एकापेक्षा जास्त असतात आणि ते एकामागोमाग बघतात. आधी डिस्कला वीज मिळावी लागते. मग तिला स्वतःला जागं व्हावं लागतं. त्यानंतर मदरबोर्डवरची बायोस तिची विचारपूस करते. बायोसनंतर विंडोज किंवा लिनक्सची पाळी. आणि सगळ्यात शेवटी ‘धिस पीसी’च्या खिडकीत सी, डी, ई अशा अक्षरांनी ती आपल्यासमोर येते. बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर विंडोजमध्ये शिरून केलेले सगळे उद्योग वाया. उलट बायोसमध्ये डिस्क नावानिशी आणि बरोबर क्षमतेसह दिसत असेल, तर कॅबिनेट उघडून केबली उपसण्याचं फारसं कारण उरत नाही. म्हणून पहिलं काम स्क्रू-ड्रायव्हर शोधण्याचं नाही. कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जायचं आणि तिथे डिस्कचं नाव आहे की नाही, एवढंच बघायचं. शोधाचं क्षेत्र तिथेच निम्मं होतं.

त्या बायोसच्या पडद्यावर दिसणारं नाव कुठून येतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

साडेतीन इंची हार्ड डिस्कला वीज मिळाली की तिची मोटर आतल्या तबकड्या फिरवू लागते. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांचा वेग गाठला की बाजूला विसावलेली वाचनमुंडकी तबकड्यांवर येतात आणि पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगू लागतात. आता गंमत अशी, की डिस्कला चालवणारी तिची स्वतःची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, सगळीच्या सगळी बाहेरच्या हिरव्या पट्टीवरच्या चिपमध्ये नसते. चिपमध्ये सुरुवात करण्यापुरता भाग असतो. बाकीचा बराचसा भाग तबकड्यांवरच, वापरणाऱ्याला कधीही न दिसणाऱ्या राखीव वर्तुळांवर लिहिलेला असतो. म्हणजे जगाला आपली ओळख सांगण्याआधी डिस्कला आधी स्वतःलाच वाचावं लागतं. या सगळ्याला दहा-पंधरा सेकंद सहज लागतात. बायोसमध्ये ‘फास्ट बूट’ चालू असेल तर काही मदरबोर्ड तेवढं थांबत नाहीत. मग सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर डिस्क दिसत नाही आणि रीस्टार्ट केल्यावर दिसते, कारण तोवर तबकड्या फिरत असतात. मात्र हेच लक्षण अशक्त वीजपुरवठ्याचं किंवा थकलेल्या मोटरचंही असतं. ‘फास्ट बूट’ बंद करूनही खोड गेली नाही, तर ती नुसती घाई नव्हती असं समजावं.

दरम्यान बायोस प्रत्येक पोर्टवर शाळेतल्यासारखी हजेरी घेत असते. पलीकडे कोणी आहे असं कळलं, दोन्ही बाजूंचा वेग जुळला, की ती एक आज्ञा पाठवते : ‘आयडेंटिफाय डिव्हाइस’. उत्तरादाखल डिस्कने बरोबर ५१२ बाइट पाठवायचे असतात. त्यांत २० अक्षरं अनुक्रमांकाची, ८ फर्मवेअरच्या आवृत्तीची आणि ४० मॉडेलच्या नावाची, शिवाय एकूण सेक्टर किती ते. बायोसमध्ये दिसणारं लांबलचक नाव म्हणजे डिस्कने स्वतः पाठवलेली तीच ४० अक्षरं. त्यामुळे ‘दिसते’ आणि ‘दिसत नाही’ यांच्या मधल्या अवस्थांनाही अर्थ असतो. नाव येतं पण क्षमता शून्य दाखवली जाते, तेव्हा हिरवी पट्टी जिवंत आहे पण तबकड्यांवरचं फर्मवेअर वाचता आलेलं नाही, असा संशय घ्यायला जागा असते. काही वेस्टर्न डिजिटल डिस्क अशा वेळी आपल्या नेहमीच्या मॉडेल क्रमांकाऐवजी ‘रॉम मॉडेल’ असे शब्द असलेलं भलतंच नाव सांगतात. इंटेलच्या ३२० मालिकेतल्या एसएसडींनी २०११ साली याहून विचित्र प्रकार केला होता. अचानक वीज गेल्यावर काही डिस्क परत चालू होताना आपली क्षमता फक्त ८ मेगाबाइट सांगत आणि अनुक्रमांकाच्या जागी ‘बॅड कॉन्टेक्स्ट’चं लघुरूप छापत. इंटेलला त्यासाठी नवं फर्मवेअर काढावं लागलं. अशा डिस्कला ‘दिसत नाही’ म्हणणं चुकीचं आहे. ती दिसते, बोलते, आणि आपलं काय बिघडलंय तेही सांगते.

आता बायोसमध्ये नावच नसेल तर काय? कॅबिनेटचं दार उघडायचं, डिस्कवर बोटं टेकवायची आणि कॉम्प्युटर चालू करायचा. तबकड्या फिरू लागल्या तर बारीक थरथर बोटांना कळते. ती नसेल तर प्रश्न बहुधा विजेचा आहे, आणि आपल्याकडच्या असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये पहिला संशय वीज पुरवणाऱ्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवरच घ्यावा असं माझं मत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या गावच्या दुकानात लोक प्रोसेसर निवडायला तासभर घालवतात आणि एसएमपीएस ‘कॅबिनेटबरोबर आलाच आहे’ म्हणून घेऊन टाकतात. एरवी साडेतीन इंची डिस्कला पाच-सात वॅट पुरतात. पण स्थिर तबकड्यांना वेग देताना ती १२ व्होल्टच्या तारेवरून दोन अँपिअरच्या आसपास ओढू शकते. तीन डिस्क एकदम फिरायला लागल्या की कमकुवत एसएमपीएसचं व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली येतं, आणि एखादी डिस्क अर्ध्यातच हार मानते. बाकीच्या डिस्क काढून एकटीच लावून बघणं, ही फुकटातली उत्तम चाचणी.

साटा ही डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत. तिच्या पॉवर केबलमध्ये पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, काळ्या ग्राउंडच्या आणि बऱ्याच केबलींत एक नारिंगी ३.३ व्होल्टची. अडीच इंची डिस्क आणि साटा एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालतात. मोठ्या डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात. म्हणून त्याच केबलवर एसएसडी चालते पण मोठी डिस्क हलतही नाही, असं झालं तर पिवळ्या तारेकडे बघायचं. नारिंगी तारेची कथा वेगळीच आहे. साटाच्या नंतरच्या नियमावलीत पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला नवं काम दिलं गेलं. तिथे ३.३ व्होल्ट आले तर डिस्कने बंद राहायचं. सर्व्हर-खोल्यांसाठी ही सोय चांगली, दूर बसून अडकलेली डिस्क बंद-चालू करता येते. पण जुन्या पद्धतीचे एसएमपीएस त्या पिनवर सतत ३.३ व्होल्ट देत असतात. मग स्वस्त पडते म्हणून बाहेरची यूएसबी डिस्क फोडून आतली डिस्क कॅबिनेटमध्ये लावणाऱ्याला वाटतं, खोळ उघडताना आपण ती मारली. डिस्क ठणठणीत असते, तिला फक्त सतत ‘गप्प बस’ असा हुकूम मिळत असतो. त्या पिनवर उष्णता सहन करणाऱ्या कॅप्टॉन टेपचा बारीक तुकडा चिकटवला की ती फिरू लागते. मोलेक्स या जुन्या पॉवर कनेक्टरवरून साटा करणारा जोड लावूनही काम होतं, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते. मात्र हे जोड घेताना प्लास्टिक ओतून बंद केलेले, स्वस्तातले घेऊ नयेत. त्यांच्या आत तारा एकमेकींना टेकून ते वितळल्याची आणि पेटल्याची उदाहरणं आहेत.

विजेच्या बाबतीत एक चूक मात्र महाग पडते. हव्या तेवढ्याच केबली लावता येणाऱ्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली डिस्ककडच्या टोकाला सगळीकडे सारख्या असतात, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलाही समान नियम नाही. एका कंपनीची केबल दुसरीच्या एसएमपीएसमध्ये अगदी फिट्ट बसते आणि ५ व्होल्टच्या पिनवर १२ व्होल्ट पाठवते. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हे होतं. बहुतेक डिस्कच्या पट्टीवर अशा प्रसंगासाठी संरक्षक डायोड असतात. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होऊन पुढचा अनर्थ टाळायचा प्रयत्न करतात. त्यामुळे एखादी डिस्क जोडल्याबरोबर अख्खा कॉम्प्युटरच चालू व्हायला नकार देत असेल आणि ती काढताच बरा होत असेल, तर डायोड कामी आला असण्याची शक्यता मोठी, आणि माहिती वाचण्याची आशाही चांगली. तो डायोड बदलण्याचं काम मात्र सोल्डरिंगचा हात बसलेल्या माणसाकडे द्यावं.

डिस्क फिरतेय, तरी बायोसमध्ये नाव नाही? मग डेटा केबल. २००३ साली साटा आलं तेव्हा रिबनच्या रुंद पट्ट्या गेल्या, मास्टर-स्लेव्हचे जंपर गेले. एका केबलवर दोन डिस्क आणि दोघींचे जंपर मास्टरवर, म्हणून दोघीही गायब, हा जुना घोळ नव्या पिढीला ठाऊकच नाही. पण साटाचा सात पिनांचा कनेक्टर नाजूक निघाला. कॅबिनेटच्या आतली साटा जोडणी जेमतेम ५० वेळा काढ-घाल सोसावी एवढीच नियमावलीची अपेक्षा आहे. सुरुवातीच्या केबलींना तर खटकाही नव्हता, मागचं झाकण लावताना धक्का लागला तरी केबल अर्धवट सुटायची. शिवाय आपल्याकडे कोकणातल्या दमट हवेत संपर्कबिंदूंवर थर चढतो, तो वेगळाच. बंद करून केबल काढून पुन्हा नीट बसवणं, मग खटक्याची दुसरी केबल लावणं, मग मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट बघणं, हा क्रम दिसायला बाळबोध आहे, पण घरच्या जोडणीतले बहुतेक गोंधळ इथेच मिटतात.

केबल खराब आहे की डिस्क, हे न भांडता ठरवायची सोय डिस्कमध्येच असते. प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंदवही ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम ती वाचून दाखवतो, लिनक्समध्ये स्मार्टसीटीएल. त्यातली १९९ क्रमांकाची नोंद म्हणजे मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यामधल्या वाटेत बिघडलेल्या संदेशांची मोजणी. हा आकडा वाढत असेल तर पहिली गुन्हेगार केबल. आकडा परत शून्यावर येत नसतो, त्यामुळे केबल बदलल्यावर तो आहे तिथेच थांबला की नाही, एवढंच बघायचं. याउलट ५, १९७ आणि १९८ या नोंदी तबकड्यांविषयी बोलतात : किती सेक्टर बाद करून त्यांच्या जागी राखीव घेतले, किती संशयित आहेत, किती वाचताच आले नाहीत. हे आकडे चढत असतील तर केबल बदलत बसू नये, आधी माहितीची प्रत काढावी. जुनी डिस्क ‘नवी’ म्हणून गळ्यात मारलीय का, हेही याच वहीत कळतं. ९ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली.

पोर्ट बदलून बघणं हा काही अंधश्रद्धेचा भाग नाही. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने जाहीर केलं, की नुकत्याच बाजारात आलेल्या तिच्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष आहे. ३ गिगाबिट वेगाचे, २ ते ५ क्रमांकाचे साटा पोर्ट कालांतराने दुबळे होत जातील. ६ गिगाबिटचे ० आणि १ हे पोर्ट शाबूत. कारण होतं चिपमधल्या एका ट्रान्झिस्टरला मिळणारं गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च इंटेलने ७० कोटी डॉलर धरला. त्या काळात ज्यांच्या डिस्क अधूनमधून नाहीशा झाल्या त्यांनी डिस्कलाच दोष दिला असणार. कित्येक मदरबोर्डांवर दोन-चार जादा पोर्ट दुसऱ्याच कंपनीच्या चिपवर चालतात आणि त्यांना वेगळा ड्रायव्हर लागू शकतो. विंडोजची डिस्क तिथे न लावता चिपसेटच्या पहिल्या पोर्टवर लावावी हे बरं.

आतापर्यंतचा सगळा प्रकार तरी सरळ होता. खरा गोंधळ घातला तो एम-डॉट-टूने. मदरबोर्डवर आडवी बसणारी ही २२ मिलिमीटर रुंद, बहुधा ८० मिलिमीटर लांब पट्टी. नाव एकच, आकारही एकच, पण आत दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या जाती. एक साटा बोलते, दुसरी एनव्हीएमई. साटावाल्या पट्टीच्या सोनेरी कडेला बहुतेक वेळा दोन खाचा असतात, एनव्हीएमईवालीला बहुधा एक. मदरबोर्डवरची जागा कधी दोन्ही भाषा जाणते, कधी एकच. एनव्हीएमईपुरत्या जागेत साटा पट्टी छान बसते, स्क्रूही लागतो, आणि काहीही होत नाही. यात कोणाचंच काही बिघडलेलं नसतं, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखंही काही नसतं.

दुसरा चकवा याहून वाईट. प्रोसेसर आणि चिपसेट यांच्याकडे बाहेरच्या उपकरणांना द्यायला ठरावीक मार्गिका असतात, आणि मदरबोर्ड बनवणारे एकच मार्गिका दोन ठिकाणी नेऊन ठेवतात. त्यामुळे अनेक मदरबोर्डांवर अमुक एम-डॉट-टू जागा भरली की तमुक साटा पोर्ट, बहुधा ५ आणि ६, आपोआप बंद होतात. नवी वेगवान एसएसडी बसवली आणि त्याच दिवशी जुनी डिस्क मेली, अशी तक्रार आली की मला पहिल्यांदा हेच आठवतं. काही वेळा प्रोसेसरची पिढीही आडवी येते. इंटेलच्या बी-५६० आणि झेड-५९० जातीच्या पुष्कळ मदरबोर्डांवर सगळ्यात वरची एम-डॉट-टू जागा फक्त ११व्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर जिवंत असते. १०व्या पिढीचा प्रोसेसर त्याच बोर्डात बसतो, चालतो, पण ती जागा मेलेलीच राहते. हे सगळं मदरबोर्डच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत, एका चौकटीत, तारांकित टिपेखाली छापलेलं असतं. पुस्तिका न वाचण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी निदान ती एक चौकट वाचावी.

एनव्हीएमई डिस्क बायोसमध्ये साटाच्या यादीत शोधू नये. तिचं पान वेगळं असतं. आणि कोरी डिस्क बूटच्या यादीत नाही म्हणून घाबरू नये. नव्या यूईएफआय पद्धतीत तिथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ हे नाव येतं, तेही विंडोज टाकून झाल्यावर.

बायोसला दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, ही मधली पायरी. इंटेलच्या ११व्या पिढीपासून ही तक्रार वाढली. बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि इन्स्टॉलरजवळ तिचा ड्रायव्हर नसतो, म्हणून डिस्कची यादी रिकामी. एकतर इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ करायचं, किंवा अनेक डिस्क एकत्र जुंपणाऱ्या रेडची गरज नसेल तर व्हीएमडी बंद करून मग विंडोज टाकायचं. मात्र व्हीएमडी चालू असताना टाकलेलं विंडोज ती बंद केल्यावर सुरू होईनासं होतं. याचाच भाऊबंद म्हणजे साटा चालवण्याच्या एएचसीआय आणि रेड या पद्धतींची अदलाबदल. मदरबोर्डवरची रुपयाएवढी सीआर-२०३२ बॅटरी संपलेली असेल आणि रात्रभर मेन स्विच बंद राहिला किंवा गावात वीज गेली, तर बायोसच्या निवडी मूळ पदावर जातात. सकाळी डिस्क बायोसमध्ये नीट दिसते, पण विंडोज निळा पडदा दाखवून ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतं. घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसलं तर कारण पक्कं. नवी बॅटरी टाकून साटाची पद्धत आधी होती तशी केली की संपलं. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकणारे टेक्निशियन मात्र जागोजागी भेटतात.

विंडोज चालू आहे, बायोसमध्ये डिस्क आहे, तरी ‘धिस पीसी’त नाही. आता कॅबिनेट बंदच ठेवायचं. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडायचं. कोरी डिस्क इथे काळ्या पट्ट्यात ‘अनअॅलोकेटेड’ म्हणून दिसते. तिच्यावर विभागच नाहीत, म्हणून तिला अक्षरही नाही. कधी विभाग असतो पण अक्षर नेमलेलं नसतं. कधी जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून दोन्ही एकदम लावलेल्या असतात. दोघींची अंतर्गत खूण एकच, म्हणून विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ करून ठेवतं. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून किंवा लिनक्सवरून काढलेली डिस्क असेल तर तिच्यावरची फाइलपद्धत विंडोजला वाचताच येत नाही. या सगळ्यांत डिस्क शाबूत असते.

आणि इथेच सर्वाधिक नुकसान होतं. विंडोज अदबीने खिडकी उघडतं : डिस्क वापरण्याआधी ‘इनिशिअलाइझ’ करावी लागेल, किंवा ‘फॉरमॅट’ करावी लागेल. समोर ‘ओके’चं बटण. डिस्क नवी असेल तर बेलाशक दाबा. पण कालपर्यंत जिच्यावर फोटो होते तिच्याबाबतीत ही खिडकी आली, तर ती फक्त एवढंच सांगतेय, की विंडोजला विभागांचा तक्ता वाचता आला नाही. ‘इनिशिअलाइझ’ म्हणजे त्या तक्त्याच्या जागी नवा कोरा तक्ता लिहिणं. फाइली लगेच पुसल्या जात नाहीत, पण त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट पुसली जाते. अशा वेळी ‘कॅन्सल’ दाबून, ती डिस्क यूएसबी जोडाने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघावी किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघावं. तक्ताच बिघडला असेल तर टेस्टडिस्कसारखा फुकट प्रोग्राम हरवलेले विभाग शोधून देऊ शकतो.

आकडा चुकीचा दिसणं ही याच घराण्यातली आणखी एक तक्रार. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते ती फसवणूक नव्हे, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. पण ३ टेराबाइटची डिस्क ७४६ गिगाबाइटच दिसली तर? हा आकडा फार बोलका आहे. सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट ठेवले तर ५१२ बाइटांच्या सेक्टरने जास्तीत जास्त सुमारे २.२ टेराबाइट मोजता येतात. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि उरलेले तेवढे दिसतात, ते नेमके ७४६. वाटेत कुठेतरी, जुन्या ड्रायव्हरमध्ये किंवा जुन्या यूएसबी डॉकमध्ये, ३२ बिटांचा हिशेब बसलेला आहे. अशा भिंती डिस्कच्या इतिहासात वारंवार आल्या. १,०२४ सिलिंडर, १६ मुंडकी आणि ६३ सेक्टर या जुन्या मर्यादेमुळे सुमारे ५२.८ कोटी बाइटांपलीकडे बायोसला दिसत नसे. पुढे २८ बिटांमुळे १३७ गिगाबाइटवर अडलं. त्यासाठी ४८ बिट आले आणि विंडोज एक्सपीला पहिल्या सर्व्हिस पॅकची वाट बघावी लागली. दोन टेराबाइटच्या भिंतीवरचा उपाय म्हणजे विभागांचा तक्ता जुन्या एमबीआरऐवजी जीपीटी पद्धतीचा ठेवणं. नवी मोठी डिस्क इनिशिअलाइझ करताना विंडोज हा पर्याय विचारतं, तेव्हा जीपीटीच निवडायचं.

उरला शेवटचा संशयित, खुद्द डिस्क. केबल, पोर्ट, एसएमपीएस, दुसरा कॉम्प्युटर, सगळं करून झालं आणि तरी नाव येत नाही, तेव्हाच तिच्यावर यायचं. ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज म्हणजे मुंडकी राखीव वर्तुळं शोधतायत आणि त्यांना ती सापडत नाहीयेत. बारीक बीप किंवा नुसती गुणगुण म्हणजे मोटरला तबकड्या हलवता येत नाहीत. काही वेळा यंत्र धडधाकट असून फर्मवेअरच अडकतं. सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ डिस्कच्या बाबतीत २००८-०९ मध्ये हे झालं. अंतर्गत नोंदींचा क्रमांक ३२० सारख्या विशिष्ट आकड्यावर असताना डिस्क बंद झाली, तर पुढच्या खेपेला चालू होताना ती कुलूपबंद व्हायची. तबकड्यांवरची माहिती जशीच्या तशी, पण बायोसला काहीच दिसत नसे. सीगेटने जानेवारी २००९ मध्ये दोष मान्य करून नवं फर्मवेअर दिलं.

अशा डिस्कवर करू नयेत असे घरगुती प्रयोग पुष्कळ आहेत. फ्रीजरमध्ये ठेवणं हा सगळ्यात लाडका. बाहेर काढल्यावर तबकड्यांवर दव जमतं आणि नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या मुंडक्यांना ते पुरेसं असतं. दुसरा प्रयोग तशाच मॉडेलच्या डिस्कची हिरवी पट्टी बसवून बघण्याचा. पूर्वी तो चालून जायचा. आता पट्टीवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कच्या मुंडक्यांचे बारकावे कारखान्यात मोजून भरलेले असतात, त्यामुळे चिपही सोबत हलवावी लागते. झाकण उघडून बघण्याविषयी तर बोलायलाच नको.

माहिती मोलाची असेल आणि डिस्क टकटकत असेल, तर वीज काढून ती माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवणं एवढाच मार्ग उरतो, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक त्यांचं काम अवघड होत जातं. पण डिस्क आवाज करत नाही, कधी दिसते आणि कधी नाही, अशी असेल, तर दिसेल त्या वेळी फाइली एकेक करून उचलायला जाऊ नये. विंडोज एकाच खराब सेक्टरवर पुन्हापुन्हा आपटत बसतं आणि तेवढ्यात डिस्क परत नाहीशी होते. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू वेगळ्या रीतीने जातो. सहज वाचता येणारा भाग तो आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मध्येच डिस्क गेली तरी या नोंदींची नकाशा-फाइल शिल्लक असते. केबल हलवून, थोडं थांबून डिस्क परत दिसू लागली की काम सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करता येतं. फाइली शोधायच्या त्या नंतर, आणि त्याही मूळ डिस्कवर नाही, उतरवून घेतलेल्या प्रतीवर.